भिंत काढून टाकणाऱ्या मॅडम

माझ्या ओळी लिहिता लिहिता उजवीकडे खाली घसरतात आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातलीही निम्मी चौथी शेंगा काढण्यात गेली. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच, तर चुकांबद्दल आधीच हात जोडते. अक्षर लागलं नाही तर तेवढं सोडून द्यावं.

कोकरे मॅडमबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे. पण मला त्यांच्याबद्दल नक्की काय माहीत आहे हेच मला कळत नाही. वर्षभर त्या आमच्या घरात राहिल्या, रोज संध्याकाळी माझ्यापुढे बसून बोलल्या. त्यातलं निम्मं मला समजलं नाही. जे समजलं असं वाटतं, ते बरोबर आहे का हे विचारायला आता कुणी नाही.

तेव्हा आमच्याकडे माळावर नवीन पॉलिटेक्निक निघालं होतं. गावात पिवळ्या पाटीचा पहिला फोन बूथ आला ते साल. मॅडम बारामतीच्या. सकाळी साडेसातचा तास असायचा आणि बारामतीहून पहिली एसटी आमच्या अंथुर्ण्यात यायची आठनंतर, म्हणून त्यांना खोली हवी होती. आमच्याकडे खताची पोती ठेवायची खोली होती. ह्यांनी पोती गोठ्यात हलवली, मी दोनदा सारवलं, तरी युरियाचा वास गेला नाही. मॅडम आत गेल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे. झोप उडेल. मला लवकर उठायचं असतं."

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उंबऱ्यावरच चौकशी केली.

"कुणाची गं तू?"

"कोकऱ्यांची. लोणी भापकरचे आम्ही. पूर्वी मेंढरं होती. आता आबा बारामतीत कंपनीच्या गेटवर असतात."

"आन तू काय शिकवतीस?"

"वस्तू पडत का नाहीत, ते."

आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्याला पगार देत्यात?"

अंगानं त्या बारीक होत्या आणि वेणी मात्र जाड. विचार करताना वेणीचं टोक दातात धरायच्या, त्यामुळे ते कायम ओलं. भाकरी कडेनं गोल गोल खात यायच्या आणि मधला तुकडा शेवटी ठेवायच्या. केसांच्या भांगात खडूची पूड असायची. मेंढरांच्या घरातली मुलगी, पण म्हशीला घाबरायची. गोठ्यापुढून जाताना वह्या छातीशी धरून भिंतीला चिकटून जायची. मी एकदा "मारत न्हाय ती" म्हटलं, तर म्हणाल्या, "माहीत आहे हो. पण तिला माहीत आहे का?"

बोलायच्या फार हळू. घरात ठीक होतं, पण वर्गात सगळी मुलंच, त्यातली काही मिशा फुटलेली. मॅडम आल्या की मागच्या बाकांवरून "बें" असा आवाज यायचा. आडनाव कोकरे, म्हणून. मग त्या फळ्याकडे तोंड करायच्या ते घंटा होईपर्यंत. हे मला त्यांनीच सांगितलं, चहा पिता पिता, आणि वर म्हणाल्या, "धड येतही नाही त्यांना. ते बकरीचं ओरडणं आहे. मेंढीचं वेगळं असतं."

पण हसून झाल्यावर कपाकडे बघत बसल्या. नोकरी एका वर्षाची होती. वर्ष संपताना प्राचार्य वर्गात येऊन बसणार, तास बघणार, आणि पुढं ठेवायचं की नाही ते ठरवणार. नाही ठेवलं तर परत बारामती. तिथं कंपनीत कुणी बाई घेत नव्हतं. आबा म्हणायचे, शिकलीस तेवढं पुरे. "आणि मला शिकवायचंच आहे," मॅडम म्हणाल्या. "दुसरं काही नको आहे मला."

म्हणून त्यांनी मला धरलं. दुसऱ्या दिवशी जे शिकवायचं ते आदल्या संध्याकाळी माझ्यापुढं म्हणून बघायचं. मी चुलीपाशी बसलेली, हातात काहीतरी काम. त्या समोर उभ्या, कोळशाचा तुकडा घेऊन. फळा म्हणजे स्वयंपाकघराची भिंत. आत्याबाई दारात बसून वाती वळायच्या. "मी वर्गाकडे तोंड करून उभी राहू शकते का, एवढंच बघायचं आहे," त्या म्हणायच्या. "वर्ग म्हणजे तुम्ही, वहिनी."

पहिल्याच दिवशी शिडी आली. भिंतीला टेकवलेली शिडी, वर एक माणूस. मॅडमनी चित्र काढलं आणि म्हणाल्या, "आता आधी सुटं करायचं. भिंत काढून टाकायची. जमीन काढून टाकायची." आणि कोळशानं काढलेली भिंत हातानं पुसली.

आत्याबाईंची वात थांबली. "अगं पोरी, भिंत काढल्यावर शिडी हुबी ऱ्हातीया व्हय? माणूस हाय न्हवं वर?"

"भिंतीच्या जागी बाण काढायचा आजी. भिंत शिडीला जेवढं ढकलते तेवढा."

"भिंत कशाला ढकलती? ती तर हुबी हाय गुमान."

"ढकलते. नाही ढकललं तर शिडी पडेल."

"मग काढलीस कशाला?"

"खरी नाही काढली. चित्रातली काढली."

"मग चितारलीस तरी कशाला!"

मॅडमनी वेणी दातात धरली. मला वाटतं आत्याबाईंचं बरोबर होतं. मला वाटतं मॅडमचंही बरोबर होतं. त्या रात्री भांडी मांडताना मी फडताळाच्या भिंतीला हात लावून बघितला. ढकलत असेल तर कळावं म्हणून. काही कळलं नाही.

'आधी सुटं करा' हे मात्र त्यांचं सगळ्यालाच असायचं. दोऱ्याचा गुंता असो नाहीतर घरातलं भांडण. एकदा ह्यांचं आणि आत्याबाईंचं वाजलं. धाकट्या नणंदेला दिवाळीला कुणी आणायला जायचं, ह्यावरून. मी मध्ये, दोन्हीकडून बोलणी खात. मॅडम आल्या, भिंतीवर एक गोल काढला.

"ह्या आजी. बाकी सगळे काढून टाकले. आता आजींवर कोण कोण कुठून जोर लावतंय?"

"मी वाटोळी हाय व्हय?" आत्याबाई म्हणाल्या.

"दादा इकडून. नणंद तिकडून, ती पत्रातनं. गुडघा खालून."

गुडघ्याचा बाण बघून आत्याबाई हसल्या. मग त्यांनीच सांगितलं की गुडघा दुखतो म्हणून त्यांना स्वतः जाता येत नाही, आणि आपण गेलो नाही तर लेकीला वाईट वाटेल, ह्याचं सगळं दुखणं आहे. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ह्यांनी मुकाट्यानं बैलगाडी जोडली आणि मायलेक दोघं गेली. मी त्या गोलाकडे बराच वेळ बघत होते. त्यात मी कुठं नव्हते. मला सुटं काढलं असतं तर किती बाण आले असते, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

मला विचारता येत नाही, हीच सगळी अडचण होती. आमच्याकडे शिकलेलं माणूस बोलत असलं की सुनेनं पदर पुढं ओढून मान हलवायची. डॉक्टर असो, ग्रामसेवक असो, कीर्तनकार असो. माहेरीही तसंच होतं. तोंडानं काही म्हणायचं नाही, फक्त मान. मी मॅडमपुढंही तेच करत होते. त्या बोलायच्या, मी मान हलवायची. त्या खुश व्हायच्या. "वहिनींना समजतंय," असं आत्याबाईंना सांगायच्या. आवाज थोडा मोकळा झाला, फळ्याकडची पाठ थोडी वळली.

असे दोन-अडीच महिने गेले. मग पुठ्ठ्याचा दिवस आला. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा त्यांनी कोपऱ्यातून कापला, म्हणजे काटकोनासारखा, एक हात उभा आणि एक आडवा. एका टोकाला भोक पाडून तो खिळ्याला टांगला आणि त्याच खिळ्याला दोरा बांधून खाली खडा सोडला. दोरा पुठ्ठ्यावरून जिथून गेला तिथं रेघ मारली. मग दुसऱ्या टोकाला टांगून दुसरी रेघ. दोन रेघा जिथं भेटतील तिथं पुठ्ठ्याचा तोल. पण त्या पुठ्ठ्यावर भेटल्याच नाहीत, बाहेर, कापलेल्या जागेत भेटायला निघाल्या.

"म्हणजे तोल पुठ्ठ्याच्या बाहेर आहे," मॅडम म्हणाल्या. "जिथं पुठ्ठाच नाही तिथं. बांगडीचं बघा. बांगडीचा तोल कुठं असतो? काचेत नसतो. मधल्या रिकाम्या जागेत असतो. आता वहिनी, असं का होतं सांगा."

मी मान हलवली.

"नाही, सांगा. का?"

मी परत मान हलवली.

"वहिनी, मी 'का' विचारलं. 'का'ला मान हलवून कसं चालेल?"

मी पदर अजून थोडा पुढं ओढला. दारातून आत्याबाई म्हणाल्या, "अगं, ती समद्यालाच हलवती. मागं त्या डॉक्टरनं इचारलं, दुखतं कुठं, तवाबी हलवत व्हती."

मॅडम पाटावर बसल्या. खाली. "शिडी?" त्यांनी विचारलं. मी चुलीकडं बघितलं. "दाराची बिजागरी? दोन दोऱ्यांना टांगलेली बादली?" मी लाकूड आत सारलं. "काहीच नाही?"

मला वाटलं रडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही आलं, जसं हरवलेली वस्तू डोक्यावरच सापडावी. "म्हणजे ती पोरंही..." त्या म्हणाल्या. "ती पण मान हलवतात. सगळी. मी फळ्याकडून वळले की सगळ्यांच्या माना हलत असतात."

त्या दिवसापासून नियम झाला. मान हलवायची नाही. कळलं नाही तर तोंडानं, मोठ्यानं 'न्हाय' म्हणायचं.

पहिले काही दिवस माझ्या तोंडातून निघेना. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्या घरात कुणालाही 'न्हाय' म्हटलेलं मला आठवत नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आत्याबाईंनी वाती खाली ठेवून बघितलं. दुसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, "अजून मोठ्यानं." तिसऱ्यांदा गोठ्यातली म्हैस वळली. मग सवय झाली. मी 'न्हाय' म्हणायची, त्या परत सांगायच्या, वेगळ्या तऱ्हेनं. परत 'न्हाय'. एका लाटण्याच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना, जवळच, कणकेचे दोन गोळे चिकटवले आणि मला लाटणं मधोमध धरून मनगटानं इकडून तिकडं हलवायला लावलं. मग तेच गोळे दोन्ही टोकांना लावले. कणीक तीच, लाटणं तेच, पण आता मनगट अडायला लागलं.

"वजन तेवढंच आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त कुठं बसलंय ते बदललं. अंतर दुप्पट केलं की अडणं चौपट."

"चौपट का? दुप्पट का न्हाय?"

माझ्या तोंडून हे कसं गेलं मला माहीत नाही. मॅडमनी माझे दोन्ही हात धरले, कणकेसकट. मग त्या समजावत राहिल्या, आणि मी 'न्हाय' म्हणत राहिले. चौपट का ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "कणीक वाया घालवू नगा, पोळ्या करा तिच्या." त्या पोळ्या आम्ही खाल्ल्या.

वर्गातही त्यांनी हाच नियम लावला. हे मला बंडगरनं सांगितलं. हा सुप्याकडचा, मामाकडं राहून शिकायचा, वर्गात सगळ्यात मोठा आणि ते 'बें' सुरू करणाराही तोच. मॅडमनी त्याला उभं करून म्हटलं होतं, "एवढा मोठा आवाज आहे तर कामाला लाव. कळलं नाही की ओरड." तेव्हापासून तो सगळ्यांत आधी ओरडायचा, मग बाकीचे. मॅडम परत सांगायच्या. कुणी बोलेनासं झालं की पुढं जायच्या. बंडगर मला म्हणाला, "काकू, लई येळ जातो, पण वर्गात झोप न्हाय लागत."

आणि मग प्राचार्यांचा दिवस आला. मॅडम त्या दिवशी भाकरीच्या कडाही न खाता गेल्या. दुपारी त्यांच्या आधी बंडगर आला, सायकल आडवी टाकून, घामाघूम.

"काकू, घोळ झाला."

"काय झालं?"

"सायेब मागच्या बाकावर बसलं. मॅडमनी झ्याक शिकवलं. आमच्याकडं तोंड करून. फळ्याकडं बघितलंच न्हाय जणू. आन शेवटाला इचारलं, समजलं का? आन आमी..." त्यानं कपाळावर हात मारला. "आमी रोजच्यावानी. समदी. 'न्हाय' म्हणून वरडलो. छपराचं पत्रं वाजलं. सायेब उठलं आन गेलं."

"मग?"

"मग काय, मॅडमनी परत सांगितलं. दोन येळा. तिसऱ्या बारीला कुणी बोललं न्हाय. पण तवर सायेब हुतं कुठं?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी प्राचार्य आमच्या घरी आले. मॅडमकडं नाही, ह्यांच्याकडं. ओसरीवर बसले. मी चहा नेला. मॅडम त्यांच्या खोलीत होत्या, दार लोटलेलं.

"मुलगी चांगली आहे," प्राचार्य ह्यांना म्हणाले. "पण शिकवणं काही जमत नाही. मुलं तोंडावर सांगतात, समजलं नाही म्हणून. एवढी वर्षं मी शिकवतोय, माझ्या वर्गात एकही मुलगा असं बोललेला नाही. तुम्ही घरचे म्हणून जरा समजावून सांगा तिला. पुढच्या वर्षी काही..."

दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. पायात चप्पल नव्हती.

"सर, मी इथं आहे."

"हो, ते मी ह्यांना..."

"मला सांगा. माझ्याशी बोला." आवाज त्यांचाच होता, पण मी तो आधी ऐकला नव्हता. "माझ्या वर्गातही आधी कुणी म्हणत नव्हतं सर, समजलं नाही म्हणून. सगळे माना हलवायचे. मी त्यांना म्हणायला शिकवलं. परीक्षेचा निकाल येऊ द्या. मग ठरवा."

प्राचार्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. ह्यांना काय सुचलं कुणास ठाऊक, बहुतेक मॅडमची बाजू घ्यायची होती. म्हणाले, "अवो सायेब, घरात रोज शिकवत्यात. आमची ही चौथी झालेली, तिलाबी कळतं." आणि माझ्याकडं वळून, "काय गं? कळतं का न्हाय मॅडमचं?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"न्हाय," मी म्हणाले. मोठ्यानं.

प्राचार्यांनी 'बघा' असे हात पसरले. ह्यांनी मान खाली घातली. आणि मॅडम हसल्या. मनापासून, पदर नसलेल्या मुली हसतात तशा, तोंडावर हात न ठेवता. मला आजही कळलेलं नाही की मी त्यांचं काम केलं की मोडलं. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही बरोबर उत्तर दिलंत वहिनी." पण बरोबर म्हणजे काय, ते सांगितलं नाही.

प्राचार्य एवढंच म्हणाले, निकाल येईपर्यंत थांबू.

निकाल आला तोही मला समजला नाही. मॅडमच्या विषयात निम्मी मुलं नापास. मॅडम मात्र अंगणात येऊन कागद हलवत होत्या. "अहो, ह्या विषयात असंच असतं! निम्मी सुटली म्हणजे खूप झालं!" बंडगर नापास होता, तरी पेढे घेऊन आला होता, कारण बाकीच्या विषयांत तो पास होता आणि ह्यात थोडक्यात राहिला. प्राचार्यांनी तोच कागद बघितला आणि म्हणाले, निम्मी गेली. एकच कागद. एकीला दिसलं निम्मी सुटली, एकाला दिसलं निम्मी गेली. ह्यातलं कुठलं सुटं करायचं आणि कुठं बाण काढायचा मला कळेना. पंधरा दिवसांत इंदापूरकडचे एक सर मॅडमच्या जागेवर आले.

मॅडमनी खोली झाडून दिली. युरियाचा वास गेला नव्हता. आत्याबाईंनी त्यांची ओटी भरली, लग्न झालेलं नसताना. मी म्हटलं, असं करत नाहीत. त्या म्हणाल्या, "गप. वर्साची कमाई घिऊन चाललीया का ती? रिकाम्या हातानं कशी धाडू?" ह्यांनी पेटी आणि वळकटी सायकलला बांधून फाट्यावर नेऊन ठेवली आणि उसाला पाणी द्यायला गेले. मी मॅडमबरोबर थांबले. त्या रस्त्याकडं बघत होत्या.

एवढ्यात बंडगर आला. सायकल झाडाला लावली, वही काढली. ऑक्टोबरात त्याची परत परीक्षा होती.

"मॅडम, त्यो उताराचा. उतारावर ठोकळा ठिवलाय आन त्यो कवा घसरंल..."

"कुठं अडलं?"

"समद्यातच."

"पूर्ण वर्षभर ओरडलास आणि हे राहिलं?"

"त्या दिवशी मी आलो न्हवतो. मामाचा ऊस गेला कारखान्याला."

मॅडमनी इकडं तिकडं बघितलं, बाभळीची एक काडी उचलली आणि फाट्यावरच, मातीत, उकिडवं बसून उतार काढला. त्यावर ठोकळा. "आता सांग, ह्याला कुणी कुणी धरून ठेवलंय?"

बारामतीची गाडी आली. कंडक्टरनं दार उघडलं. "मॅडम, येताय न्हवं? पेटी टाकू वर?"

मॅडमनी मान वर केली. गाडीकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, मग मातीतल्या ठोकळ्याकडे.

"नाही. जा तुम्ही."

"पुढची तासाभरानं हाय बगा."

"जा, जा."

गाडी गेली. धुरळा खाली बसला तो ठोकळ्यावर. मॅडमनी फुंकर मारून रेघा परत दिसत्या केल्या आणि बंडगरला म्हणाल्या, "बोल."

मला निघावं लागलं. दूध काढायची वेळ झाली होती आणि डेअरीची गाडी थांबत नाही. मी म्हटलं, "येते मॅडम," तर त्यांनी न बघताच हात वर केला. वळणावरून मी मागं बघितलं. गाडीची वाट बघणारी दोन-तीन माणसं आणि गाठोडं घेतलेली एक म्हातारी त्यांच्याभोवती वाकून जमिनीकडं बघत होती, आणि मॅडम काडी घेऊन उभ्या राहिल्या होत्या, त्या सगळ्यांकडं तोंड करून.

पुढच्या गाडीनं त्या गेल्या की तीही सोडली, मला माहीत नाही. दूध घालून मी परत फाट्यावर गेले तेव्हा पेटी नव्हती. मातीतला उतार तेवढा होता, आणि त्यावर ठोकळा, चारी बाजूंनी बाण लागलेला.